वाटी, चमचा आणि वीस चिंचोके

साखर कारखान्याचा बॉयलर पेटला की आमच्या आरोग्य उपकेंद्राच्या हद्दीत ऊसतोडीचे तळ पडतात. बीड, जालना, धाराशिवकडच्या टोळ्या येतात, ओढ्याकडेला पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात, आणि थंडी वाढली की त्या कोप्यांतून एकेक लेकरू जुलाब-उलट्यांनी मलूल होऊन माझ्याकडे यायला लागतं. मी सांगली जिल्ह्यात एएनएम, म्हणजे उपकेंद्राची नर्स आहे, बावीस वर्षं झाली. गावातले लोक सिस्टर म्हणतात, तळावरच्या बायका बाई म्हणतात. जुलाबानं आजारी पडलेल्या लेकराचं अंगातलं पाणी घरच्या घरी कसं राखायचं, हे मी आई-बापांना कसं शिकवते ते इथं लिहिते. घरात लहान मूल असेल तर स्वतःसाठी वाचा. आशाताई किंवा अंगणवाडीताई असाल तर शिकवण्यासाठी वाचा.

आधी माझी चूक सांगते. नोकरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी एका आईच्या हातात मी जलसंजीवनीचं, म्हणजे ओआरएसचं पाकीट ठेवलं आणि म्हटलं, "एक लिटर पाण्यात कालव आणि पाजत राहा." तिनं मान डोलावली. मी पुढच्या कोपीकडे गेले. दुसऱ्या दिवशी लेकराची जीभ लाकडासारखी कोरडी, डोळे आत गेलेले, आणि पाण्याचा पेला दिसला की दोन्ही हातांनी झडप घालायचं. मी विचारलं, कशात कालवलंस? तिनं स्टीलचा पेला दाखवला. अख्खं पाकीट त्या एका पेल्यात. अंगात पाणी जायच्या ऐवजी मिठाचा मारा झाला होता. लेकराला ग्रामीण रुग्णालयात न्यावं लागलं. वाचलं ते, पण त्यात माझी हुशारी काही नव्हती. त्या बाईकडे लिटरचं माप नव्हतं आणि ते मी विचारलं नव्हतं. तेव्हापासून नुसतं पाकीट मी कुणाला देत नाही. माझ्यासमोर कालवायचं, माझ्यासमोर पाजायचं, मगच मी उठते.

शिकवताना सगळ्यात आधी एक गैरसमज काढावा लागतो, नाहीतर पुढचं सगळं वाया जातं. आई-बापांना वाटतं की हे पाणी जुलाब थांबवायचं औषध आहे. चार चमचे पाजतात, लेकरू परत पातळ करतं, आणि मग "ह्यानं काय गुण येईना" म्हणून बंद करतात. म्हणून मी प्लास्टिकची रिकामी बाटली घेते, तळाला दाभणानं भोक पाडते, पाण्यानं भरते आणि आईच्या हातात देते. म्हणते, हे तुझं लेकरू. भोक बुजायला तीन-चार दिवस लागतील, कधी आठवडाही लागेल, ते आपल्या हातात नाही. पण वरून पाणी ओतत राहिलीस तर बाटली रिकामी होईल का? ती स्वतः ओतते, पाण्याची पातळी तिथंच राहते, आणि चेहऱ्यावर कळतं की उमजलं. ही बाटली हातात न देता नुसती सांगितली तर तेवढं उमजत नाही, हे मी दोन्ही करून बघितलंय.

सासूबाई शेजारी असल्या तर त्यांचं म्हणणंही ऐकून घ्यावं लागतं. "पाणी पाजलं की ढाळ वाढतात." "दाताचे जुलाब हायेत, दात आले की थांबतील." टाळू खोल गेलेली दिसली की तिच्यावर तेल थापायची पद्धत अजून आहे. मी आजींना वेड्यात काढत नाही. टाळू बसलीय हे त्यांच्याच आधी लक्षात आलेलं असतं, तेवढी त्यांची नजर पक्की असते. मी म्हणते, "आजी, बरोबर बघितलंत तुम्ही. ती पाण्यावाचून बसलीय. तेल राहू द्या, पण भरायचं आहे ते तोंडातून." मग त्याच आजी रात्रभर चमचा धरून बसतात.

आता पाण्याची कृती. हात साबणानं धुवायचे. पिण्याचं स्वच्छ पाणी घ्यायचं, उकळून गार केलेलं असलं तर उत्तम. सरकारी पाकीट साडेवीस ग्रॅमच्या आसपासचं असतं आणि ते बरोबर एक लिटरसाठी असतं. बाजारात छोटी पाकिटंही मिळतात, ती २०० मिलीची, म्हणजे एका पेल्याची. म्हणून पाकिटावर किती पाणी लिहिलंय ते आधी वाचायचं, वाचता येत नसेल तर देणाऱ्याला विचारून घ्यायचं. अख्खं पाकीट एकदम. अर्धं आत्ता, अर्धं उद्या असं नाही. त्यात वरून साखर, दूध, सरबत काही घालायचं नाही, कालवल्यावर उकळायचं नाही. झाकून ठेवायचं आणि चोवीस तासांत संपलं नाही तर ओतून द्यायचं, नवीन करायचं.

एक लिटर मोजायचं कसं, इथंच बहुतेकांचं अडतं. कोपीत मापं नसतात, आणि खरं तर शहरातल्या घरांतही तांब्यात किती पाणी बसतं ते कुणाला ठाऊक नसतं. माझ्या पिशवीत एक लिटरची पाण्याची बाटली आणि लाल नेलपॉलिश असतं. बाटलीभर पाणी त्यांच्याच तांब्यात किंवा पातेल्यात ओतते आणि जिथवर येईल तिथं आईलाच नेलपॉलिशची रेघ मारायला लावते. ती रेघ घासणीनंही लवकर जात नाही. त्या दिवसापासून ते भांडं जलसंजीवनीचं.

पाजायचं वाटी-चमच्यानं. दुधाच्या बाटलीनं नको, आणि बोंडलं, म्हणजे तान्ह्याला पाजायचं नळीचं भांडं, तेही नको, कारण त्याच्या नळीत आतून काय साठलंय ते दिसत नाही आणि ती नीट घासताही येत नाही. चमचा लहान, ५ मिलीचा. तापाच्या औषधाबरोबर मापाचं झाकण येतं, त्यात आपल्या घरातला चमचा एकदा मोजून बघा, कारण घराघरातले चमचे लहान-मोठे असतात.

दोन वर्षांच्या आतल्या लेकराला दर पातळ संडाशीनंतर ५० ते १०० मिली, म्हणजे १० ते २० चमचे. दोन वर्षांवरच्याला १०० ते २०० मिली, थोडं थोडं कपानं प्यायला दिलं तरी चालतं. हे आकडे तोंडपाठ राहत नाहीत, म्हणून चिंचोके. एका वाटीत वीस चिंचोके ठेवायचे, एक चमचा पाजला की एक चिंचोका दुसऱ्या वाटीत टाकायचा. वाटी रिकामी झाली की १०० मिली गेलं. आजारी लेकराच्या हाताला मात्र ते लागू द्यायचे नाहीत, तोंडात घालून घशात अडकतात.

चिंचोक्यांची युक्ती मी मुळात मोठ्या बहिणींसाठी काढली. तळावर काय होतं, पहाटे तीन-चारला कोयता चालू होतो, नवरा-बायको दोघंही फडात. एक दिवस राहिलं की खाडा पडतो, त्याचे पैसे उचलीतून, म्हणजे आधी घेतलेल्या रकमेच्या हिशोबातून, कापले जातात. आजारी लेकरू कोपीत असतं आणि त्याच्याजवळ आठ-दहा वर्षांची बहीण. मी आईला "घरी का नाही राहिलीस" असं कधी विचारत नाही. राहता आलं असतं तर ती राहिली असती. टोळीच्या मुकादमाशी बोलून दोन दिवस तिला फडातून सोडवायचा प्रयत्न करते, कधी जमतं, कधी नाही. नाही जमलं तर त्या पोरीला शिकवते. तिला पाढे येत नसतील पण चिंचोके येतात. गेल्या जानेवारीत अशाच एका पोरीनं मला दुपारी वाटी दाखवून सांगितलं, "बाई, तीन येळा वाटी रिकामी केली. दोनदा वकलं, तवा थोडं थांबले." तीनशे मिली. शिकलेल्या आई-बापांनाही इतका नेमका हिशोब देता येत नाही. शाळेत असायला हवी होती ती पोर, हेही इथं लिहून ठेवते.

ती जे थांबली ते बरोबरच होतं. उलटी झाली की दहा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा सुरू करायचं, पण आता आणखी हळू, दोन-तीन मिनिटांनी एक चमचा. "पेतंय अन् लगेच वकतंय" अशी तक्रार आली की मी पहिल्यांदा पाजताना बघते. दहातल्या आठ वेळा आईनं पेला तोंडाला लावलेला असतो. तहानलेलं लेकरू घटाघटा पितं, पोट ताणतं आणि सगळं बाहेर. उलटी झाली म्हणजे प्यायलेलं सगळंच गेलं असंही नसतं, बरंचसं आत राहिलेलं असतं.

"सलाईन लावा की सिस्टर" हे मला आठवड्यातून एकदा तरी ऐकावं लागतं. पाचशे रुपये मोजून कुणाकडे तरी सलाईन लावून घेतलं की बापाला समाधान वाटतं, त्यामागं लेकराची काळजीच असते. त्याला मी हिशोब करून दाखवते. सलाईनची बाटली ५०० मिलीची. मिनिटाला एक चमचा पाजला तर तासाला ३०० मिली होतं. म्हणजे पावणेदोन तासांत अख्खी बाटली पोटात, सुई नाही, रडारड नाही, आणि साध्या सलाईनमध्ये नसलेली साखर आणि पोटॅशियमही त्यात. आतड्याला नुसतं पाणी किंवा नुसतं मीठ जुलाबात नीट ओढता येत नाही. पण मिठाबरोबर ग्लुकोज असलं की दोन्ही जोडीनं आत जातात आणि पाणी त्यांच्या मागोमाग जातं. जुलाबात आतडं बिघडलं तरी हा रस्ता बहुतेक शाबूत राहतो. सगळी करामत एवढीच.

१९७१ साली पश्चिम बंगालमध्ये बनगावला बांगलादेशच्या निर्वासितांमध्ये कॉलरा पसरला आणि सलाईनच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनाबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि सोडा पाण्यात कालवून ते पिंपांतून लोकांना दिलं. पाजायचं काम रोग्यांच्या नातेवाइकांनीच केलं. शंभरात वीस-तीस माणसं जिथं दगावत होती तिथं प्रमाण चारच्या आत आलं. तिथल्या लोकांनाही सलाईनच हवं होतं, म्हणून याला "तोंडानं घ्यायचं सलाईन" म्हणायला लागले. मीही तेच म्हणते. बापाला ते पटकन पटतं, आणि पटलं की चमचा त्याच्या हातात देते. रात्रीची पाळी त्याची.

सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर अंगावरचं दूध हेच पहिलं औषध. नेहमीपेक्षा जास्त वेळा, जास्त वेळ पाजायचं. साधं पाणी नको, पण जलसंजीवनी चमच्यानं देता येते. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला जुलाब लागले तर घरी प्रयोग नकोत, दूध पाजत पाजत थेट दवाखाना.

खाणं बंद करायचं नाही. "पोटाला आराम" म्हणून लेकराला उपाशी ठेवतात, त्यानं ते आणखी खंगतं. तांदळाची पेज, मुगाची पातळ खिचडी, मऊ भात आणि वरणाचं पाणी, ताकात कुस्करलेली भाकरी, केळं. थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा. मीठ घातलेली पेज आणि ताक ही तर आपल्याकडची जुनी जलसंजीवनीच, कुठल्याही आजीला ती येते. बरं झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्तीचं द्या, गेलेलं वजन तेव्हाच भरून येतं. कोरा चहा आणि बिस्कीट मात्र नको.

झिंकची गोळी बहुतेक घरांत अर्धवट सोडली जाते. सहा महिन्यांवरच्या लेकराला रोज २० मिलीग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १० मिलीग्रॅम म्हणजे अर्धी गोळी, चमचाभर पाण्यात किंवा अंगावरच्या दुधात विरघळवून, पूर्ण १४ दिवस. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी चौदा. पुढचे दोन-तीन महिने पुन्हा जुलाब लागण्याचा धोका त्यानं कमी होतो. आशाताईकडे आणि उपकेंद्रात फुकट मिळते. जुलाब बंद करायची मोठ्या माणसांची गोळी किंवा मागच्या वेळची उरलेली अँटिबायोटिक लेकराला देऊ नका. साध्या पाण्यासारख्या जुलाबात अँटिबायोटिकचा उपयोग नसतो.

दुकानातल्या खोक्यातल्या पेयांबद्दल मला राग आहे. फळांची चित्रं, वर मोठ्या अक्षरांत "ओआरएस", आणि आत नुसती साखर. जास्त साखर उलट आतड्यात पाणी ओढून आणते आणि जुलाब वाढवते. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष याविरुद्ध आठ वर्षं झगडल्या, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणानं अशा पेयांच्या नावात तो शब्द वापरायला मनाई केली. तरी दुकानात घेताना पाकिटावर "डब्ल्यूएचओ सूत्र" (जागतिक आरोग्य संघटनेचं प्रमाण) आणि लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ हे आकडे बघून घ्या. कोला, आंब्याचं पेय, ग्लुकोजची पावडर हे त्याच्या जागी चालत नाही.

पाकीट मिळेपर्यंत घरी करायचं असेल तर एक लिटर पाण्यात लहान चमच्यानं ६ चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचे सपाट, वरचा ढीग बोटानं सारून टाकलेला. मिठात चूक झाली तर माझ्या त्या पेल्यासारखं होतं, म्हणून चाखून बघा, डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट लागलं तर ओतून द्या. यात पोटॅशियम नसतं, तेव्हा हे अडीअडचणीपुरतंच.

आता लेकराकडे बघायचं कसं. आईला मी तिच्याच लेकरावर चिमटा काढायला शिकवते. बेंबी आणि कुशीच्या मधली जागा, अंगठा आणि तर्जनी, चिमटा अंगाच्या उभ्या रेषेत, आडवा नाही. क्षणभर धरायचा आणि सोडायचा. कातडी लगेच सपाट झाली तर बरं. हळू गेली तर पाणी कमी पडतंय. आणि "एक हजार एक, एक हजार दोन" म्हणून झालं तरी वळी तशीच उभी राहिली तर गाडी बोलवायची. आधी घरातल्या चांगल्या लेकरावर करून बघायला लावते, म्हणजे फरक हाताला कळतो. फार वाळलेल्या किंवा फार गुबगुबीत लेकराच्या कातडीवर मात्र भरवसा ठेवू नका. तिथं डोळे बघा, जीभ बघा, रडताना आसवं येतात का बघा.

लघवीवर लक्ष ठेवायचं तर आजारपणात डायपर नको, जुनी सुती लंगोटी बरी. डायपरमध्ये काय लघवी आणि काय पातळ संडास ते कळत नाही. सहा तास लघवी झाली नाही तर घरी थांबू नका.

डोळे आत गेलेत, लेकरू चिडचिडं झालंय, अधाशासारखं पितंय, अशी अवस्था असली की उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात या. तिथं वजनाच्या दर किलोला ७५ मिली या हिशोबानं चार तासांत आम्ही समोर बसवून पाजतो, आठ किलोच्या लेकराला ६०० मिली. पण लेकरू सुस्त पडलंय, हाक मारली तरी बघत नाही, पिता येत नाही, प्यायलेलं सगळं उलटून टाकतंय, संडाशीत रक्त आहे, झटके आलेत, यातलं एकही दिसलं तर १०८ ला फोन करा. अशा लेकराला खरंच शिरेतून सलाईन लागू शकतं. शुद्धीत असेल आणि गिळत असेल तर वाटेतही चमचा चालू ठेवा. गाडीत मी कितीतरी आयांना हात थांबवताना बघितलंय, आता डॉक्टर बघतील म्हणून. तो पाऊण तास फार मोठा असतो.

हे सगळं झालं की मी आईला विचारते, "आता तू मला शिकव. मी तुझ्या शेजारच्या कोपीतली आहे, माझ्या लेकराला जुलाब लागलेत." ती हसते, लाजते, मग सांगते. जिथं अडखळते तेवढंच मी परत सांगते. "समजलं का?" हा प्रश्न मी सोडून दिलाय, त्याला सगळे हो म्हणतात.

मार्चअखेर पट्टा पडतो, म्हणजे गाळप संपतं, आणि टोळ्या परत निघतात. ट्रॅक्टर भरायच्या आदल्या संध्याकाळी मी तळावर एक फेरी मारते. प्रत्येक लेकरामागं दोन पाकिटं, झिंकच्या उरलेल्या गोळ्या, आणि लसीकरणाचं कार्ड पेटीत वरच्या बाजूला ठेवलंय ना ते बघते. जुलाब आणणाऱ्या रोटा विषाणूवरची लस सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला असते, २०१९ पासून आपल्याकडे सरकारी केंद्रात फुकट मिळते, आणि फिरत्या कुटुंबांचा एखादा डोस नेमका प्रवासात राहून जातो. पाकीट ओल लागून गठ्ठा झालं असेल तर बदलून देते. लाल रेघेचा तांब्या कुठल्या बोचक्यात बांधलाय तेही विचारून घेते.